सायकलवरचा बाजार

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी अब्बांची जुनी सायकल गच्चीवरून खाली उतरवली आणि त्या दिवसापासून अब्बांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. भांडण झालं नाही. त्यांचा तो स्वभावही नाही. अंगणात सायकल उभी बघून ते एवढंच म्हणाले, "कायकू निकाल्या रे उसकू?" मी म्हणालो, "बाजारहाटासाठी, अब्बा." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि नमाजला निघून गेले.

आता ही सायकल आमच्या मोहल्ल्यात ओळखीची झाली आहे. शाळेतले सहकारी विचारतात, "सर, दहा किलो गहू सायकलवर कसे नेता? पिशव्या कुणाकडून शिवल्या? टोपली कुठं मिळाली?" त्यांना एकदाच नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलो. पण सायकलची गोष्ट अब्बांना वगळून सांगता येत नाही, हे दुसऱ्याच ओळीला लक्षात आलं.

आधी कारण सांगतो. मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. वय ४६. शाळेत एकदा आरोग्य तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "सर, साखर सीमारेषेवर आहे. रोज अर्धा तास चाला, नाहीतर सायकल चालवा." चालायला वेळ कुठून काढायचा? सकाळी शाळा, संध्याकाळी पेपर तपासणी, मधूनमधून निवडणुकीची नाहीतर सर्वेक्षणाची कामं. मी मान हलवून घरी आलो.

दुसरं कारण माझ्या वहीत होतं. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून मी गाडीचा हिशोब लिहून ठेवतो. एका महिन्यात मी कुठं कुठं गेलो तेही लिहिलं. दूध, पिठाची गिरणी, लक्ष्मी मंडई, मेडिकल, मशीद, शिंपी, शाळा. महिन्याभरात गाडी ७४ वेळा बाहेर पडली होती. त्यातल्या ६१ वेळा जायचं ठिकाण घरापासून दोन किलोमीटरच्या आत होतं. म्हणजे पाव किलो दह्यासाठी मी सव्वाशे किलोचं यंत्र सुरू करत होतो, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायला वेळ नाही अशी तक्रारही करत होतो. साठ वेळा सायकल नेली तर दोन्ही कामं एकदम होतील, एवढं साधं गणित.

नवीन सायकल घ्यायचा विचार आधी केला. दुकानात गिअरच्या, बारीक टायरच्या, पुढं स्प्रिंग असलेल्या सायकली होत्या. दिसायला छान. पण कुठल्याच सायकलीला मागं कॅरेज नाही, मडगार्ड नाही, स्टँड म्हणजे एका बाजूला काडीसारखा. दुकानदार म्हणाला, "सर, ही व्यायामाची सायकल आहे." सामान आणायच्या सायकलीबद्दल विचारलं तर तो हसला, "ती आता कोण घेतं?" तेव्हा मला गच्चीवरची सायकल आठवली.

ती ॲटलस कंपनीची काळी सायकल अब्बांनी १९८३ साली घेतली. अब्बा तेव्हा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. माग चालवून झाला की तयार चादरींचे गठ्ठे व्यापाऱ्याच्या दुकानापर्यंत पोचवायचं कामही ते करत. त्याचे वेगळे पैसे मिळत. त्या पैशांवर माझं शिक्षण झालं असं म्हटलं तर चूक होणार नाही. सकाळी कारखान्यात जाताना तीच सायकल, दुपारी गठ्ठ्यांसाठी तीच, संध्याकाळी रॉकेलचा डबा आणि गिरणीचं दळण आणायला तीच. ईदला आम्ही तिघं भावंडं तिच्यावरच बसायचो. एक नळीवर, दोघं मागं. मी सायकल शिकलो तीही हीच. उंची कमी म्हणून नळीखालून पाय घालून, हाफ पॅडल मारत.

२००६ साली बीएड होऊन नोकरी पक्की झाल्यावर मी हप्त्यावर मोटरसायकल घेतली. त्या दिवशी अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि संध्याकाळी स्वतः, कुणाची मदत न घेता, सायकल खांद्यावर घेऊन गच्चीवर नेऊन ठेवली. वर जुनी ताडपत्री टाकली. तेव्हा मला वाटलं, चला, अब्बा सायकलच्या कष्टातून सुटले.

त्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा. बातमी वाचून मी अब्बांना सांगितली होती. ते म्हणाले, "हमारी तो गच्चीपे है." एवढंच. पण त्या आवाजात काहीतरी होतं, ते मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं.

तर सायकल खाली आली. टायर दोन्ही फुटलेले, साखळी गंजून लोखंडाची पट्टी झालेली, सीटची चामडी उंदरांनी खाल्लेली. चौकातल्या अण्णांच्या दुकानात ढकलत नेली. अण्णा तेलुगू मिसळलेल्या मराठीत बोलतात. त्यांनी फ्रेमवर बोटाने टकटक केलं, पुढचा चिमटा तपासला, चाक गरकन फिरवलं आणि म्हणाले, "सर, लोखंड आहे. अजून तुम्हाला पुरून उरेल." मग ओव्हरऑइलिंग केलं. म्हणजे सगळी सायकल सुटी करून रॉकेलमध्ये धुतली, वाट्या आणि छर्रे बदलले, ग्रीस भरलं. नवे टायर-ट्यूब, नवी साखळी, ब्रेकची रबरं. चाकाचा आउट काढला. सगळे मिळून १९०० रुपये झाले. माझ्या गाडीचं पेट्रोल दीड महिन्यात तेवढं व्हायचं.

अण्णांनी मला एक गोष्ट दाखवली, ती मला इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. या सायकलच्या पुढच्या चाकात ३२ तारा असतात आणि मागच्या चाकात ४०. सारख्या नसतात. कारण वजन मागच्या चाकावर येतं. बनवणाऱ्यांनी ही सायकल पहिल्या दिवसापासून ओझ्यासाठीच बनवली होती. मला उगाच वाटत होतं की आमच्या गरिबीमुळे ती ओझी वाहत होती.

आता पहिल्या बाजाराची फजिती. सायकल चकाचक झाली, मी दोन कापडी पिशव्या घेऊन लक्ष्मी मंडईत गेलो. चार किलो कांदे-बटाटे, भाजी, दोन दुधाच्या पिशव्या, एक डझन अंडी. गाडीला अडकवतो तशा पिशव्या हँडलच्या दोन्ही बाजूंना अडकवल्या आणि निघालो. दहा पावलांतच कळलं की हँडल आपल्या मर्जीने वळत नाही. पिशवी झोके घेते, गुडघ्याला लागते, आणि तिच्या झोक्याबरोबर चाकही वळतं. विजापूर वेशीजवळ समोरून रिक्षा आली. मी ब्रेक मारला, डावीकडची पिशवी झोका घेऊन चाकाच्या तारांत गेली आणि सायकल जागच्या जागी थांबली. मी मात्र थांबलो नाही. कांदे रस्त्याभर. दूध फुटलं. अंड्यांबद्दल न लिहिलेलंच बरं.

कोपरावर खरचटलं होतं. दोन पोरं धावत आली आणि कांदे गोळा करू लागली. त्यातला एक माझाच विद्यार्थी, नववीचा. "सर, आप? गाडी बिगड गई क्या?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. सायकल मी आवडीने आणली आहे, असं त्या रस्त्यावर, त्या अवस्थेत सांगायला जीभ वळली नाही.

घरी आल्यावर अब्बांनी माझा कोपर बघितला. काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी आठवडाभर रस्त्यावरच्या सायकली बघत फिरलो. सोलापुरात अजून पुष्कळ लोक सायकलवर पोट भरतात, पण आपण त्यांच्या सायकलीकडे बघत नाही. दूधवाल्याच्या सायकलीला मागं दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे असतात, कॅन त्यांत अडकतात, तळ चाकाच्या आसाच्या जवळपास येतो. पेपरवाल्या पोराच्या कॅरेजवर घोड्यावरच्या खोगिरासारखी जोडपिशवी असते, दोन्हीकडे सारखं वजन. पाववाल्याचं सामान आकाराने प्रचंड पण हलकं, म्हणून ते उंच चालतं. गॅसची टाकी नेणारा ती कॅरेजला एका बाजूला अडकवतो आणि स्वतः दुसरीकडे कलून चालवतो. ती भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास असते. त्याला ते जमतं, मला जमणार नाही.

या सगळ्यांकडून मला तीन गोष्टी कळल्या. वजन हँडलवर नको, मागं हवं. वजन जितकं खाली तितकी सायकल स्थिर. आणि दोन्ही बाजूंना सारखं. बाकी सगळं याच तीन गोष्टींचा विस्तार आहे.

मी काय काय बसवलं ते क्रमाने सांगतो.

मूळ कॅरेज चांगलं होतं, त्याचे दांडे थेट मागच्या आसाला बोल्टने जोडलेले. हे महत्त्वाचं आहे. हल्ली जे हलकं कॅरेज फक्त सीटखालच्या नळीला आवळतात ते भार आला की फिरतं नाहीतर घसरतं. कॅरेजवर मी प्लायवूडची एक फळी बोल्टने बसवली, त्यामुळे डबा ठेवायला सपाट जागा झाली.

जोडपिशवी शिंप्याकडून शिवून घेतली. जाड कॅनव्हास, प्रत्येक पिशवी ३० सेंटीमीटर रुंद, ३५ उंच, १५ खोल. म्हणजे एका बाजूला साधारण १५ लिटर. चाकाकडच्या बाजूला आत पातळ प्लायवूड घातलं, नाहीतर भरलेली पिशवी फुगते आणि तारांना घासते. पहिल्यांदा पिशव्या थोड्या पुढं बसल्या होत्या. पॅडल मारताना प्रत्येक फेरीला टाच पिशवीवर आपटायची. चार बोटं मागं सरकवल्या, प्रश्न मिटला. वर झाकणासारखी पट्टी आहे, पावसासाठी आणि लोकांच्या नजरेसाठीही.

पुढं तारेची टोपली आहे. तिला खालून दोन दांडे आसापर्यंत आधाराला आहेत. तिच्यात फक्त हलकं ठेवायचं. कोथिंबीर, पाव, औषधं. अंडी टोपलीत ठेवू नका, खड्ड्याचा सगळा धक्का तिथं बसतो. अंडी मी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, भाजीच्या वर, मागच्या पिशवीत ठेवतो. आता फुटत नाहीत.

साखळीवर पूर्ण बंद कव्हर बसवलं. जुम्म्याला पायजमा-कुर्ता घालून सायकल चालवायची तर याला पर्याय नाही, पायजम्याची मोहरी साखळीत गेली की कपडेही जातात आणि माणूसही. मागच्या चाकाला जाळीचा ड्रेसगार्ड लावला. आधी वाटलं, आपल्याला काय गरज? पण आता माझी मुलगीही संध्याकाळी दूध आणायला हीच सायकल नेते, सीट खाली करून, ओढणी बांधून. तेव्हा त्याचा उपयोग कळला.

डबल स्टँड जुनाच, पण गंजून एक पाय वाकला होता. वेल्डिंग करून सरळ केला आणि खाली रुंद पट्टी जोडली. सामान भरताना सायकल सरळ उभी राहायला हवी. साइड स्टँडवर एका बाजूला पाच किलो ठेवलं की सायकल आडवी. मग कडीचं कुलूप, मोठी घंटा, मागं लाल रिफ्लेक्टर आणि मगरिबनंतर बाहेर पडायचं असेल तर पुढं-मागं सेलचे दिवे. काळ्या सायकलवर गडद कपडे घालून अंधारात जाणारा माणूस ट्रकवाल्याला दिसत नाही.

हे सगळं झालं. तरी एक काम राहिलं होतं, दळणाचं. आमच्याकडे गव्हाचा डबा म्हणजे तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा. त्यात दहा-अकरा किलो गहू बसतात. एका शनिवारी तो फळीवर ठेवून मी सुतळीने बांधत होतो. बांधलं की हलायचा, आवळलं की सुतळी तुटायची. अब्बा ओट्यावर बसून बघत होते. त्या दिवशी मशिदीत कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "मास्टर का हप्ता थक गया क्या? सायकलपे दिखते आजकल." हे मला बायकोने सांगितलं होतं. मी ठरवलं, आज बोलून टाकू.

म्हटलं, "अब्बा, लोक काय म्हणतात त्याचं एवढं का मनावर घेता? गाडीचे हप्ते कधीच फिटलेत. मी तब्येतीसाठी चालवतो."

ते म्हणाले, "लोगों का मैं कब मन पे लिया? लोगां बोलतेच रहते."

"मग?"

थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तूच बोल्या था ना. अब्बा, स्कूल के दरवाजेपे सायकल नक्को लाओ."

मला आधी कळेचना. मग आठवलं आणि हातातली सुतळी हातातच राहिली.

मी आठवीत होतो. अब्बा कारखान्यात जाताना मला शाळेत सोडायचे. मागं चादरींचा गठ्ठा असायचा, मी पुढं नळीवर. अब्बांच्या केसांत, भुवयांत कापसाची तूस अडकलेली असायची. वर्गातली काही मुलं स्कूटरवर यायची. एक दिवस कुणीतरी मला "गठ्ठा" म्हणून हाक मारली आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी अब्बांना म्हणालो की दारापर्यंत येऊ नका, कोपऱ्यावरच्या लिंबापाशी सोडा. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत, तीन वर्षं, अब्बा मला लिंबापाशी सोडत राहिले. पाऊस असला तरी.

मी विसरलो होतो. ते तेहतीस वर्षं लक्षात ठेवून होते. गाडी आली त्या दिवशी सायकल गच्चीवर गेली, ती अब्बा कष्टातून सुटले म्हणून नव्हे. मुलाला ज्याची लाज वाटते ती वस्तू त्यांनी मुलाच्या दारातून उचलून नजरेआड ठेवली होती. आणि आता तोच मुलगा ती खाली उतरवून, रंग देऊन, टोपली लावून, "व्यायाम" म्हणून मिरवत होता. जे त्यांच्यासाठी नाइलाज होता, ज्यासाठी त्यांनी मुलाची लाज गिळली, ते माझ्यासाठी आवडीचं झालं होतं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना कळत नव्हतं की मग तेव्हा नेमकं वाईट काय होतं. सायकल, की ते स्वतः?

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. वर्गात पोरांना मी अर्धा अर्धा तास बोलतो. तिथं मला एवढंच म्हणता आलं, "अब्बा, ग़लती हो गई. बच्चा था." ते म्हणाले, "हौ, बच्चा था." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्या अर्धवट बांधलेल्या डब्याकडे बघून म्हणाले, "सुतली से नै बांदते रे. पुराना ट्यूब ला."

अण्णांनी बदललेल्या जुन्या ट्यूब मी फेकल्या नव्हत्या. अब्बांनी कात्री घेऊन ट्यूब लांबीला चिरली, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढल्या. एका टोकाला गाठ मारून कॅरेजच्या दांड्यात अडकवली, पट्टी ताणून डब्यावरून तिरकी नेली, पलीकडच्या दांड्याखालून काढली, परत तिरकी आणली. दोन पट्ट्यांची फुली. मग म्हणाले, "अब हिला." मी डबा हलवला तर सगळी सायकल हलली, डबा हलेना. सुतळी ताणत नाही, म्हणून धक्का बसला की सैल होते नाहीतर तुटते. रबर धक्का स्वतः घेतं आणि परत आवळतं. ही गोष्ट कुणी मला शिकवली नव्हती, आणि शिकवणारा माणूस घरात बसला होता.

मग त्यांनी आणखी एक दाखवलं. ट्यूबची एक बारीक चकती कापून हँडलच्या मुठीवर कड्यासारखी चढवली. सायकल उभी करायची असेल तेव्हा ब्रेकची दांडी दाबून कडं तिच्यावर सरकवायचं. ब्रेक लागलेलाच राहतो, चाक फिरत नाही, भरलेली सायकल स्टँडवरून घसरत नाही. चादरींचे गठ्ठे उतरवताना ते असंच करायचे. त्या कड्याची किंमत शून्य रुपये आहे आणि माझ्या सगळ्या सामानात तेच मला सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

जाताना मी सवयीने म्हणालो, "अल्लाह मालिक आहे, पोचेल डबा." अब्बा हसले. आधी उंट बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ती हदीस त्यांनी मला लहानपणी शंभर वेळा सांगितली असेल. त्या दिवशी न सांगताच फक्त गाठीकडे बोट दाखवलं.

आता दोन वर्षं झाली. जे जमत नाही तेही सांगतो, म्हणजे कुणाची फसगत नको. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार मी सायकलवर आणत नाही. वीस किलो पाणी आत हिंदकळतं आणि वळणावर ओढतं. दांड्यांचे ब्रेक पावसात कमी लागतात, रिम ओली असते, म्हणून पावसात ओझं असेल तर उतारावर मी सरळ उतरून चालतो. मे महिन्यात सोलापूरचं ऊन ४२ च्या वर जातं. तेव्हा बाजार फजरनंतर लगेच. ओझं नेताना मागच्या चाकात अंगठ्याने दाबलं तर दबणार नाही इतकी हवा लागते, हवा कमी असेल तर ट्यूब चिमटून पंक्चर होतं. दोनदा मागच्या चाकाची तार तुटली, दोन्ही वेळा साखळीच्या बाजूची. एक तार तुटली की लगेच बदलावी, नाहीतर तिचा भार शेजारणीवर जाऊन तीही तुटते. आणि आईला दवाखान्यात न्यायचं असतं, लांबच्या लग्नाला जायचं असतं, तेव्हा गाडी आहेच. मी गाडी विकलेली नाही. आता महिन्यातून ती पंधरा-वीस वेळा निघते.

बकरी ईदला हिस्से वाटायलाही सायकलच नेतो. झाकणाचे स्टीलचे डबे, ते कापडी पिशवीत, पिशवी बंद जोडपिशवीत. थेंब सांडत नाही, दिसत काही नाही. हेही अब्बांनीच सांगितलं होतं. आपला सण आहे, दुसऱ्याच्या डोळ्याला त्रास होईल असं काही रस्त्याने न्यायचं नाही. सात घरी जायला मला चाळीस मिनिटं लागली. गाडीवर असतो तर वीस लागली असती, पण कुणाच्या ओट्यावर टेकून "ईद मुबारक"च्या पुढं दोन वाक्यं बोललो नसतो. साखरही, अल्हम्दुलिल्लाह, गेल्या दोन तपासण्यांत सीमारेषेच्या आत आहे.

शाळेत मी बरेच दिवस गाडीच नेत होतो. सायकल फक्त बाजारापुरती. खरं सांगायचं तर नववीच्या त्या मुलाला मी जे खोटं सांगितलं होतं, ते आत कुठंतरी शिल्लक होतं. ओट्यावरच्या त्या शनिवारनंतर सोमवारी मी सायकलवर शाळेत गेलो. मागं दोन्ही पिशव्यांत तपासलेल्या वह्या होत्या, साठ वह्या. तो लिंब आता तिथं नाही, रस्ता रुंद करताना गेला. पण जागा मला माहीत आहे. तिथं पाय आपोआप थोडे थांबले. मग मी पॅडल मारलं.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "सायकल किदर लगाया स्कूल में?"

म्हटलं, "गेटके अंदर, अब्बा. हेडमास्तरांच्या ऑफिससमोर."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने अंगणातून घंटीचा आवाज आला. बघितलं तर अब्बा जुन्या बनियनचा तुकडा घेऊन मडगार्ड पुसत होते.